गिटार आणि निवडीचा अधिकार

निवासी शाळेत गिटार कशासाठी, असा प्रश्न पालक विचारतात. कधी कधी शिक्षकही विचारतात. दहावीचा निकाल आणि पुढील स्पर्धा परीक्षा समोर असताना मुलांनी परदेशी गाण्यावर बोटे का झिजवावीत? पेटी आणि ढोलकी असताना परके वाद्य कशाला? या प्रश्नांचा विचार इतिहासाच्या अंगाने व्हावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम परकेपणाचा मुद्दा. ज्या पेटीच्या साथीने आपली भीमगीते गावोगावी पोहोचली, ती पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्या काळातही आपल्या गायनपार्ट्यांनी पेटी खाली ठेवली नाही. वाद्य कोठून आले यापेक्षा ते कोणाच्या हाती आहे, हे आपल्या लोकांनी महत्त्वाचे मानले.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. गावगाड्यात वाद्य जन्माने वाट्याला येत असे. हलगी कोणी वाजवावी, कोणाच्या दारात वाजवावी आणि मोबदला काय घ्यावा, हे वाजविणाऱ्याच्या इच्छेवर नव्हते. त्याच्या तालावर गाव नाचे, पण त्याला मान देत नसे. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकावयास घेतले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर उमगतो. वाद्य स्वतः निवडणे आणि स्वतःच्या आनंदासाठी वाजविणे हाही माणूसपणाचा अधिकार आहे.

आरंभासाठी आम्ही ‘ला बाम्बा’ हे गाणे सुचवू. मेक्सिकोच्या वेराक्रूझ प्रांतातील हे लोकगीत १९५८ मध्ये रिची व्हॅलेन्स या सतरा वर्षांच्या मुलाने रॉक संगीतात आणले. तो लॉस एंजेलिसच्या पाकोइमा वस्तीत वाढलेला, मेक्सिकन वंशाचा. स्पॅनिश त्याला अस्खलित येत नव्हती. तरी गाणे त्याने त्याच भाषेत गायिले आणि ते जगभर गेले. पूर्वजांचे गाणे नव्या वाद्यावर नेता येते, याचा हा उत्तम दाखला होय.

गाण्यात मुख्यतः तीनच कॉर्ड आहेत : सी, एफ आणि जी. दोन मात्रा सी, दोन मात्रा एफ, चार मात्रा जी, हे चक्र सतत फिरते. सीवरून लहान एफवर जाताना पहिले बोट जागचे उचलावे लागत नाही. ते आडवे करून पहिल्या दोन्ही तारा दाबाव्यात. सुरुवातीस बोटांची टोके दुखतात, कॉर्ड बदलताना ताल तुटतो. टाळी देत संथ लयीत सराव केला, की हात वळतो. हेच तीन कॉर्ड पुढे अनेक भीमगीतांनाही साथ देतील.

तेलंगणाच्या सीमेवरील आपल्या बिलोलीत मुलांच्या कानी मराठी, तेलुगू, हिंदी अशी सर्व गाणी पडतात. ऐकणे वाढले, वाजविणे मात्र आटले. जयंतीच्या मिरवणुकीत गायनपार्टीची जागा डीजेने घेतली आणि आपण आपल्याच उत्सवात केवळ श्रोते झालो. ही उणीव शाळेतच भरून निघू शकते.

म्हणून संस्थेने आठवड्यातून दोन तास वाद्यासाठी राखून ठेवावेत आणि मुलींना त्यात बरोबरीचे स्थान द्यावे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेस चार गिटार भेट द्याव्यात. येत्या जयंतीस आपल्या मुलांच्या बोटांतून निघालेले गाणे गावाने ऐकावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.