गोठलेली पेन्शन आणि उन्हाचा बाजार

रविवारच्या पुरवण्यांतून अलीकडे एक चित्र वारंवार भेटू लागले आहे. निळा तलाव, पांढऱ्या भिंतीवर चढलेली बोगनवेल आणि हातात पेला घेऊन हसणारे, केस पिकलेले एक जोडपे. खाली मजकूर : निवृत्तीनंतर परदेशात नवे आयुष्य सुरू करा. स्पेन, पोर्तुगाल, मलेशिया, दुबई अशी नावे एखाद्या हॉटेलातील पदार्थांच्या यादीसारखी मांडलेली असतात व प्रत्येकापुढे किंमतही असते. तो तलाव रोज साफ करणारा माणूस मात्र चित्रात नसतो. त्या जोडप्यापैकी एकाला उद्या अर्धांगवायू झाल्यास त्याचे अंग पुसणारी बाई कोणत्या देशातून, कोणत्या परवान्यावर आणि किती पगारावर येणार आहे, हेही त्यात कोठे लिहिलेले नसते.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लँकेशायरच्या गिरणीत किंवा यॉर्कशायरच्या खाणीत चाळीस वर्षे घालवून दमेकरी छाती घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला उरलेली दहा-पंधरा वर्षे उन्हात काढावीशी वाटली, तर त्यात चैन कसली? वृद्धाच्या उन्हावर आक्षेप घेण्याइतका रुक्षपणा समाजवाद्याच्या अंगी असू नये. साठी उलटल्यावर भाषा, शेजार, डॉक्टर सारेच नव्याने शोधायला निघणे यात धाडसही आहे. आमचे भांडण त्या प्रवाशाशी नाही. त्या प्रवासाचा ज्यांनी बाजार मांडला आणि ज्या सरकारांनी त्या बाजारामागे आपली कर्तव्ये दडवली, त्यांच्याशी आहे.

बाजार हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. १९८६ साली जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने ‘सिल्व्हर कोलंबिया’ नावाची एक योजना पुढे मांडली. स्पेन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत निवृत्त जपानी नागरिकांच्या वसाहती उभारायच्या, अशी ती कल्पना. कोलंबसाच्या सफरीला १९९२ मध्ये पाचशे वर्षे पूर्ण होणार होती, म्हणून हे नाव! मोटारी निर्यात करणारा देश आता आपले म्हातारेही निर्यात करणार काय, अशी टीका झाली आणि योजना मूळ रूपात गुंडाळावी लागली. पण कल्पना मेली नाही. मलेशियाने २००२ पासून ‘माय सेकंड होम’ या नावाने तीच दुसऱ्या टोकाने राबवली; २०२४ पासून तर त्या योजनेला चांदी, सोने व प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. दीड लाख डॉलरची ठेव ठेवणारा चांदीचा, दहा लाखांची ठेवणारा प्लॅटिनमचा. माणसाच्या म्हातारपणाला धातूंची प्रतवारी लावण्याची लाज ज्या व्यवस्थेला वाटत नाही, तिच्याविषयी आणखी काय सांगावे? पोर्तुगालने २००९ नंतर बाहेरून येणाऱ्या पेन्शनरांना दहा वर्षे आयकर जवळजवळ माफ केला. लिस्बनच्या एकाच जिन्यावर राहणारा पोर्तुगीज निवृत्त शिक्षक कर भरत होता आणि त्याच्या शेजारचा स्वीडिश अधिकारी दोन्ही देशांत काहीच भरत नव्हता. अखेर फिनलंड व स्वीडन यांनी पोर्तुगालबरोबरचे करविषयक करार मोडले, पोर्तुगालनेही २०२० मध्ये दहा टक्के कर बसवला व २०२४ पासून नव्यांसाठी दार बंद केले. तोवर शहरातील घरभाडी स्थानिक कामगाराच्या आवाक्याबाहेर गेली होती.

स्पेनची कथा अधिक बोलकी आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीने साठच्या दशकात परकीय चलनासाठी भूमध्य समुद्राचा किनारा सिमेंटने भरून टाकला. जेथे पूर्वी सुट्टी घालवायला जायचे, तेथे इंग्रज कामगार निवृत्तीनंतर राहायला जाऊ लागला. स्पेन १९८६ मध्ये युरोपीय समुदायात आला आणि हे स्थलांतर हक्काचे बनले. पेन्शन दरवर्षी वाढत राहायची, दवाखान्याचा खर्च ब्रिटन स्पेनला चुकता करायचा. येथे मी एक कबुली देतो : बाजाराच्या त्या युरोपने श्रमिकांना दिलेल्या मोजक्या देणग्यांपैकी ही एक होती. बसचालकाची पेन्शन घेऊन माणूस आलिकान्तेत सन्मानाने राहू शकत होता.

मग २०१६ चे जनमत आले. पंधरा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर असलेल्यांना त्या वेळी मताधिकारच नव्हता. ज्यांच्या राहण्याच्या हक्काचा निकाल लागायचा होता, त्यांतील अनेकांना मतपेटीपर्यंत जाता आले नाही. ती अट उठली २०२४ च्या जानेवारीत, घोडा पळून गेल्यावर साडेसात वर्षांनी. आज नव्याने स्पेनला जाऊ पाहणाऱ्या इंग्रज निवृत्ताला महिना सुमारे २,४०० युरोंचे उत्पन्न दाखवावे लागते. ब्रिटनची पूर्ण सरकारी पेन्शन त्याच्या निम्म्याच्या आसपास भरते. म्हणजे खाणकामगाराचे ऊन संपले. कारखानदाराचे कायम राहिले. सरकारी कंजूषपणाचा एक मासला येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१५ पासून ब्रिटनने उबदार देशांतील आपल्या वृद्धांचा हिवाळी इंधनभत्ता बंद केला आणि उबदार देशांच्या त्या यादीत फ्रान्सही बसवला. तो बसवण्यासाठी फ्रान्सच्या सरासरी तापमानात विषुववृत्ताजवळच्या त्याच्या बेटांचे तापमान धरले होते!

परंतु या साऱ्यापेक्षा खोल अन्याय वेगळाच आहे आणि त्याचा धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. ब्रिटनची सरकारी पेन्शन ही खैरात नव्हे. बेव्हरिज अहवालानंतर १९४६ साली जो राष्ट्रीय विमा कायदा झाला, त्यानुसार कामगार आपल्या वेतनातून आठवड्याला वर्गणी भरतो व म्हातारपणी पेन्शन घेतो. पेन्शनर अमेरिकेत, युरोपात, तुर्कस्तानात वा फिलिपाइन्समध्ये जाऊन राहिला, तर महागाईनुसार होणारी वार्षिक वाढ त्याला मिळते. तो कॅनडात, ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, पाकिस्तानात किंवा भारतात गेला, तर मिळत नाही. ज्या दिवशी तो तेथे पेन्शनर झाला, त्या दिवशीचा आकडा मरेपर्यंत गोठतो. असे गोठलेले पेन्शनर साडेचार लाखांच्या घरात आहेत. वर्गणी भरताना ती कोणत्या देशात म्हातारे होण्यासाठी भरतोस, असे त्यांना कोणी विचारले नव्हते.

ॲनेट कार्सन या बाईंनी याविरुद्ध दावा लावला. त्या दक्षिण आफ्रिकेत राहत होत्या. त्यांची पेन्शन आठवड्याला ६७.५० पौंडांवर थांबलेली होती. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने चार विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना नकार दिला. २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने अकरा विरुद्ध सहा मतांनी तोच कित्ता गिरवला. सामाजिक सुरक्षा ही मुख्यतः देशात राहणाऱ्यांसाठी असते आणि देशोदेशींच्या करारांनी काहींना अधिक मिळाले म्हणून इतरांना तक्रार करता येत नाही, असा युक्तिवाद झाला. कायद्याच्या पुस्तकात तो बसतही असेल. परंतु ज्या पेन्शनच्या मूळ रकमेत २०२५-२६ साली ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला आठवड्याला १७६.४५ पौंड मिळतात, तीच पेन्शन सीमेपलीकडे ६७.५० वर अडवून धरणे याला साध्या मराठीत वर्गणी बुडवणे म्हणतात.

आता यात सर्वांत अधिक कोण भरडला जातो? पन्नास-साठच्या दशकांत इंग्लंडच्या ओतकामाच्या कारखान्यांत रात्रपाळीला उभे राहणारे हात पंजाबचे होते. ते काम गोरे कामगार टाळत, म्हणूनच ते त्यांना मिळाले. त्यांच्यातला कोणी आयुष्याच्या अखेरीस जालंधरकडच्या आपल्या गावी परतला की त्याची पेन्शन गोठते. त्याच कारखान्याचा व्यवस्थापक फ्लॉरिडात स्थायिक झाला की त्याची दरवर्षी वाढते. इंग्रज माणूस स्पेनला जातो तेव्हा तो ‘नवे आयुष्य’ सुरू करतो. आपला माणूस घरी परततो तेव्हा त्याला दंड होतो. आणि आपले सरकार? २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर व्यापारकरार झाला, तेव्हा तात्पुरत्या कामावर पाठवल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची व त्यांच्या कंपन्यांची तीन वर्षांची वर्गणी वाचवण्यात दिल्लीने यश मिळवले व त्याचा गाजावाजाही केला. गोठलेल्या पेन्शनला त्यात जागा नव्हती. परतलेल्या ओतकामगाराची बाजू मांडणारे वकील वाटाघाटींच्या टेबलाशी बसत नाहीत.

दाराची दुसरी बाजूही पाहावी. ब्रिटनची आरोग्यसेवा हजारो भारतीय डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या बळावर चालते. अशा डॉक्टरला आपली विधवा आई नाशिकहून आणून घरी ठेवायची असेल, तर २०१२ च्या जुलैपासूनचा नियम असा : तिला दीर्घकालीन वैयक्तिक शुश्रूषेची गरज हवी आणि मुलाचे पैसे वापरूनही ती शुश्रूषा मायदेशी मिळणे अशक्य हवे. पैसा पाठवणारा मुलगा आहे, एवढ्यावरच अर्ज बहुधा पडतो. याविरुद्धचे आव्हान २०१७ मध्ये अपील न्यायालयात टिकले नाही. थोडक्यात, परक्यांच्या आयांची सेवा करायला ये, स्वतःच्या आईला मात्र तिकडेच ठेव. याच देशाचे लाखो वृद्ध परदेशी आश्रयाला आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या नियमाचा निर्लज्जपणा पुरता कळतो.

आणि आखात. खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतील गावागावांतून दोन-तीन पिढ्या दुबई-कुवेतला गेल्या. रस्ते, गोदामे, स्वयंपाकघरे त्यांनी चालवली. तेथील नागरिकांना निवृत्तिवेतन आहे, परदेशी कामगाराला नाही. त्याला काम संपताना मिळते ते उपदान : पहिली पाच वर्षे दरवर्षामागे एकवीस दिवसांचे मूळ वेतन, पुढे तीस दिवसांचे. मूळ वेतनच मुद्दाम कमी दाखवलेले असते, ही गोष्ट त्या गावांत शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपतो आणि तीस वर्षे ज्या शहरात गेली तेथे तो परका ठरतो. या दुबईने २०२० साली पंचावन्न वर्षांवरील परदेशीयांसाठी ‘निवृत्त व्हा, दुबईत राहा’ असे निमंत्रण काढले. त्या वेळच्या अटी : महिना वीस हजार दिरहम उत्पन्न, किंवा दहा लाखांची बचत, किंवा वीस लाखांची मालमत्ता. ज्याने ती मालमत्ता बांधली, त्याला या निमंत्रणाचा कागद वाचून दाखवण्याचे धैर्य कोणाला आहे काय?

आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्ग या सर्वांकडे अमेरिकेतील मुलाच्या खिडकीतून पाहतो. नातवंडे सांभाळायला सहा महिने जायचे, हिमवर्षावाची छायाचित्रे पाठवायची, विम्याच्या धास्तीने दाढदुखी अंगावर काढायची व परत यायचे. त्यांच्या एकटेपणाची मला जाण आहे. पण पेन्शनचा प्रश्न निघाला की याच वर्गातले पुष्कळ लोक ‘सरकारवर किती बोजा टाकणार?’ असे विचारतात, तेव्हा हात जोडावेसे वाटतात. बोजा किती आहे तो सांगतो. परदेशी काम करणाऱ्या गरीब मजुरांसाठी २०१२ मध्ये केंद्राने निवृत्तिबचतीची एक योजना काढली होती. २०१७ मध्ये ती बंद केली. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या दरिद्री वृद्धाला केंद्र सरकार महिना देते २०० रुपये, आणि हा आकडा दीड दशकाहून अधिक काळ जागचा हललेला नाही. कार्सनबाईंच्या ६७.५० पौंडांसारखाच तो गोठलेला आहे. फरक इतकाच की यासाठी सीमा ओलांडावी लागत नाही.

२०१२ च्या मे महिन्यात बाबा आढाव व अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने देशभरचे वृद्ध श्रमिक जंतरमंतरच्या उन्हात बसले होते. किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन, दोन हजारांपेक्षा कमी नको आणि महागाईशी जोडलेली, एवढीच मागणी होती. ती आजही तशीच उभी आहे. तिच्याबरोबर आणखी दोन जोडाव्या लागतील. ब्रिटनशी होणाऱ्या पुढच्या कोणत्याही करारात गोठलेल्या पेन्शनचे कलम असल्याखेरीज सही होता कामा नये. आखाती देशांशी बोलताना परतणाऱ्या कामगाराच्या उपदानाचा हिशेब मूळ वेतनावर न होता पूर्ण वेतनावर व्हावा, हा आग्रह धरला पाहिजे. संसदेत कोकणचे खासदार आहेत. येत्या अधिवेशनात त्यांच्यापैकी कोण हा प्रश्न विचारतो, ते दापोली-म्हसळ्याच्या मतदारांनी नाव लिहून ठेवावे.