हेड स्वतःचे, कॅबिनेट सभागृहाचे

नाशिकच्या तरुण गिटारवादकाला वाजवायला जागा आहेत. कॉलेज रोडचे कॅफे आहेत, गंगापूर रोडची लॉन्स आहेत, महाविद्यालयांची गॅदरिंग आहेत. २००८ साली सुला वाइनयार्ड्समध्ये सुलाफेस्ट सुरू झाला आणि देशोदेशीचे बँड गंगापूर धरणाच्या परिसरात येऊन वाजवू लागले. पैसे साठवून पहिला दमदार ॲम्प घ्यायची वेळ आली, की या मुलांच्या डोळ्यांसमोर तेच मोठे स्टेज असते. दुकानात पहिला प्रश्न निघतो, ‘किती वॅटचा?’ खरे तर आधी चौकशी करायला हवी ती स्पीकरची.

ॲम्पचे दोन भाग. गिटारचा क्षीण विद्युत संकेत वाढवणारे, त्याला रंग देणारे यंत्र म्हणजे हेड. त्या संकेताचा आवाज करणारी, स्पीकर बसवलेली लाकडी पेटी म्हणजे कॅबिनेट. दोन्ही वेगळे असले की एक बदलता येते, दुसरे तसेच ठेवता येते.

शंभर वॅटच्या हेडखाली दोन उंच कॅबिनेट हे चित्र आले लंडनहून. जिम मार्शल हे ड्रमवादक. हॅनवेल भागात त्यांचे वाद्यांचे दुकान होते. १९६२ मध्ये त्यांच्या दुकानात फेंडर कंपनीच्या बेसमन ॲम्पच्या धर्तीवर पहिला मार्शल ॲम्प तयार झाला. पुढे ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने आणखी ताकद मागितली, म्हणून शंभर वॅटचे हेड आणि एकाच पेटीत बारा इंची आठ स्पीकर असे कॅबिनेट बनले. ते उचलता उचलता कामगार मेटाकुटीला आले, तेव्हा त्याच्या चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या झाल्या. त्या काळी सभागृहाच्या साउंड सिस्टीमवर प्रामुख्याने गायकाचा आवाज जाई. गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याचे काम ॲम्पलाच करावे लागे. आज कॅबिनेटसमोर एक माइक लावला, की ते काम मिक्सर आणि मोठे स्पीकर करतात. गरज संपली, तरी आकाराचा मोह उरला आहे.

आकडेही हेच सांगतात. पन्नासऐवजी शंभर वॅट घेतले, तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा, तर ताकद सुमारे दहापट लागते. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, ही स्पीकरची संवेदनशीलता. ९७ ऐवजी १०० डेसिबलचा स्पीकर निवडला, तर पन्नास वॅटचे हेड शंभर वॅटच्या बरोबरीने बोलते. शिवाय व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, हेड थोडे ताणले गेले की त्याचा खरा, भरदार सूर लागतो. कॅफेत शंभर वॅटचे हेड तिथवर नेताच येत नाही. पंधरा-वीस वॅटचे हेड नेता येते, आणि ते स्कूटरवरूनही जाते.

नियमांचाही विचार हवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. मुंबईच्या रॉक संगीताचे घर मानले गेलेले रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमांमुळेच मोठ्या आवाजाला मुकले. नाशिकची बरीच लॉन्स वस्तीला लागून आहेत. तिथे स्टेजवरचा आवाज आटोक्यात ठेवणारा बँडच पुन्हा बोलावला जाईल.

जोडणी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी. हेडच्या मागे ४, ८, १६ ओहम असे स्पीकरच्या विद्युतरोधाचे आकडे असतात. व्हॉल्व्हच्या हेडला त्यांतल्या निवडलेल्या आकड्याइतक्याच ओहमचे कॅबिनेट जोडावे, आणि स्पीकर न जोडता ते कधीही वाजवू नये. नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सोळा ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली, की एकूण आठ ओहम होतात. स्पीकरच्या वॅटची बेरीज हेडपेक्षा जास्त असावी आणि मधली केबल स्पीकरचीच असावी, गिटारची नव्हे. बारा इंची स्पीकरचे तीव्र स्वर झोतासारखे सरळ पुढे जातात. पेटी जमिनीवर ठेवली, तर ते वादकाच्या गुडघ्यांशी आदळतात. त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेचे कान किटतात. पेटी उंचावर किंवा तिरकी ठेवली, की हा त्रास बराच कमी होतो.

आता डिजिटल यंत्रे आली आहेत. २०११ मध्ये आलेल्या केम्परसारख्या यंत्रात अनेक ॲम्पचे आवाज साठवता येतात, मग कॅबिनेट हवे कशाला, असे विचारले जाते. जिथे साउंड सिस्टीम आणि स्टेजवर वादकांकडे तोंड करून ठेवलेले मॉनिटर स्पीकर उत्तम आहेत, तिथे हा आक्षेप रास्त आहे. पण छोट्या कार्यक्रमांत मॉनिटर बहुधा एक किंवा दोन, तेही गायकासाठी. अशा ठिकाणी ड्रमवाल्याला गिटार ऐकू येते ती शेजारच्या कॅबिनेटमधूनच.

म्हणून हा विषय एकट्या वादकाच्या खिशाचा राहत नाही. चार स्पीकरची पेटी पस्तीस किलोच्या पुढे जाते. ती रिक्षातून नेणे अवघड, आणि मुंबईहून भाड्याने आणायची तर कसारा घाट चढवून आणावी लागते. मोठ्या महोत्सवांत आयोजकच कॅबिनेट पुरवतात आणि वादक स्वतःचे हेड घेऊन येतो. हीच पद्धत शहरातही रुजायला हवी. महापालिकेचे महाकवी कालिदास कलामंदिर, महाविद्यालयांची सभागृहे आणि नियमित कार्यक्रम करणारे कॅफे यांनी दोन-दोन स्पीकरची, सोळा ओहमची दोन चांगली कॅबिनेट कायमची ठेवावीत. मागच्या बाजूला ओहम आणि वॅट ठळक मराठीत लिहावेत, सोबत दोन स्पीकर केबल ठेवाव्यात, आणि वापराचे माफक भाडे घेऊन देखभालीचा खर्च भागवावा. डिसेंबरमध्ये गॅदरिंगचा हंगाम सुरू होतो. त्याआधी एका जरी सभागृहाने ही सोय केली, तरी यंदाच्या बँडना मोठ्या पेटीसाठी कर्ज काढावे लागणार नाही. ते पैसे चांगल्या हेडवर आणि तालमीच्या खोलीच्या भाड्यावर खर्च होतील.