भाडं वाढवणाऱ्या टाइल्स, वजन वाढवणाऱ्या टाइल्स

भाडेकरू चावी देऊन गेला, की घरमालक पहिला फोन कुणाला करतो? पेंटरला. दुसरा ब्रोकरला. आणि ब्रोकरचं उत्तर ठरलेलं असतं. ‘मॅडम, हॉलला पीओपी करा, खाली व्हिट्रिफाइड टाका, भाडं दोन हजारांनी वाढलंच समजा!’

आपल्यापैकी कित्येक जण सध्या डबल रोलमध्ये आहेत. ऑफिस जवळ पडतं म्हणून स्वतः ठाण्यात नाहीतर ऐरोलीत भाड्याने राहायचं, आणि ईएमआयवाला किंवा आईबाबांनी नव्वदच्या दशकात घेतलेला वन बीएचके तिकडे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरात भाड्याने द्यायचा. मीही त्यातलीच. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या फ्लॅटची मालकीणबाई हल्ली मी आहे. यंदा भाडेकरू बदलला तेव्हा बजेटमधला मोठा हिस्सा मी बाथरूमच्या तळात घातला. ब्रोकरचा चेहरा असा पडला, की मीच त्याला चहा पाजला.

पण टाइल्सचा विषय नुसत्या चॉइसचा राहिलेला नाही. 20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये फरशी बसवण्याचं काम सुरू होतं. स्लॅब खचला, एकेक मजला तोडत खाली गेला आणि 6 जणांचा जीव गेला. खालच्या मजल्यांवरच्या लोकांचा त्या रिनोव्हेशनशी संबंध एवढाच, की वरच्याची जमीन म्हणजे त्यांचं छत होतं.

थोडं गणित करू या, कॅल्क्युलेटर लागणार नाही. घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण 200 किलो वजन धरतात. आता जुनी लादी तशीच ठेवून वर दोन इंच माल पसरला आणि नवी टाइल बसवली, तर दर चौरस मीटरला 120 किलोच्या आसपास वजन वाढतं. 10 बाय 15 चा हॉल म्हणजे जेमतेम 14 चौरस मीटर. म्हणजे सुमारे 1,700 किलो! अडीच मारुती 800 हॉलमध्ये कायमच्या पार्क केल्यासारखं. नव्या, धडधाकट स्लॅबला हे कदाचित झेपेल. तीस वर्षांच्या, गंजलेल्या सळ्यांच्या स्लॅबला कोण विचारतंय?

मिस्त्रीला म्हणूनच आधी सांगायचं, ब्रेकर मशीन बंद. जुनी लादी छिन्नी-हातोड्याने काढायची, डेब्रिज एका कोपऱ्यात ढीग न करता रोजच्या रोज खाली न्यायचं. सिमेंटच्या गोणी आणि टाइल्सची खोकी खोलीच्या मध्यावर रचून ठेवायची नाहीत. लादी काढायचीच नसेल, तर जाड मालाऐवजी टाइल ॲडहेसिव्हचा पातळ थर द्यायचा, वाढणारं वजन चौथ्या हिश्श्यावर येतं. आणि इमारत जुनी असेल तर हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून, सोसायटीची लेखी परवानगी घेऊन. ‘फक्त टाइल्स तर बदलतोय’ हे वाक्य आता विसरा.

पीओपीवर माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे. वरच्या बाथरूमचं पाणी झिरपत सळईपर्यंत पोचलं की ती गंजते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे सळई फुगते, काँक्रीटला तडा जातो आणि मग प्लास्टरचा पोपडा खाली येतो. हा पोपडा म्हणजे इमारतीचा एसएमएस. त्याच्या खाली फॉल्स सीलिंग ठोकलं, की मेसेज न वाचता डिलीट! गंजावर नुसतं प्लास्टर किंवा लांबी मारणंही त्याच जातीचं. गंज घासून काढायचा, सळईला गंजरोधक कोट द्यायचा आणि मगच पॉलिमर मॉर्टरने भरायचं. बाकी सगळा मेकअप.

उल्हासनगरकरांना हे वेगळं सांगायला नको. मे 2021 मध्ये एकाच महिन्यात दोनदा तेच झालं. 15 तारखेला कॅम्प 1 मधल्या मोहिनी पॅलेसचा स्लॅब पडला आणि 28 च्या रात्री कॅम्प 2 मधल्या साई शक्तीचा. साई शक्तीत 7 जण गेले. (आमच्या अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. पण त्याच्या दगडात सळई नाही, हेही लक्षात घ्या.)

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. फ्लॅट भाड्याने दिलेले मालक मीटिंगला सहसा फिरकत नाहीत आणि ऑडिटचा विषय नेमका त्याच मीटिंगला बारगळतो. आपल्या मताचा हक्क भाडेकरूकडे जात नाही, वर्षातून एक रविवार बदलापूर लोकल पकडा.

आता भाडेकरूचा मुद्दा. त्या स्लॅबखाली तो झोपतो, आपण नाही. ओल पहिल्यांदा दिसते त्यालाच. पण डिपॉझिट आपल्या हातात असल्यामुळे तो गप्प बसतो, किंवा सांगतो आणि आपण ‘बघू’ म्हणतो. म्हणून माझ्या ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ जास्तीची आहे. नळाचा वॉशर, ट्यूबलाइट भाडेकरूचं. ओल, गळती, वायरिंग माझं, आणि फोटो आल्यापासून आठ दिवसांत मिस्त्री हजर. ॲग्रीमेंट रजिस्टर करणं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाचीच जबाबदारी आहे. अकरा महिन्यांचं असलं तरीही. ‘स्टॅम्प पेपरवर सही केली की झालं’ म्हणणाऱ्या ब्रोकरला टाटा करा.

गेल्या जुलैत असाच एक फोटो आला. बाथरूमच्या छतावर काळपट डाग. वरचे काका म्हणाले, ‘तुम्ही कुठे इथे राहता, तुम्हाला काय त्रास?’ मी शांतपणे उपविधी दाखवले. गच्ची आणि बाहेरचे पाइप सोसायटीचे. पण एका फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये होणारी गळती त्या मेंबरने स्वतःच्या खर्चाने काढायची. काका महिनाभर बोलत नव्हते. मग त्यांच्या नहाणी ट्रॅपच्या कडेला चीर सापडली.

दुरुस्ती झाल्यावर मिस्त्री लगेच टाइल्स बसवायची घाई करतो. त्याला थांबवा. ट्रॅपला बोळा लावून तळात पाणी भरा, दोन दिवस तसंच राहू द्या आणि खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत बघा. हे काम मेमध्येच उरकायचं. पाऊस सुरू झाला की बदलापुरात भिंत वाळत नाही आणि मिस्त्री फोन उचलत नाही.