तळ्याची नोंद होते, मग आमच्या ओढ्याची का नाही?

मध्यंतरी पाटोद्यातल्या आमच्या अभ्यासवर्गात चवदार तळ्याचा विषय चालला होता. मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, "दादा, एका तळ्याची नोंद जगभरच्या कोशांत होते, मग आमच्या वस्तीमागच्या ओढ्याची का नाही?" पोरं हसली. आम्हाला मात्र हसता आले नाही, कारण उत्तर तयार नव्हते.

आपल्या चळवळीतले काही मित्र अशा वेळी लगेच म्हणतात, "हा मनुवादी कट आहे." आम्हाला ते पटत नाही. आधी नियम काय आहे ते वाचावे. विकिपीडियावर एखाद्या विषयाला स्वतंत्र लेख मिळण्यासाठी 'उल्लेखनीयता' लागते. सरकारदरबारी मान्य असलेले गाव साधारणपणे पात्र धरले जाते. नदी, डोंगर, तळे यांचे तसे नाही. त्यांच्याबद्दल आकडे आणि अक्षांश-रेखांश यांच्यापलीकडे काही माहिती प्रकाशित, विश्वासार्ह आणि स्वतंत्र साधनांत मिळाली पाहिजे. नसेल तर त्या ओढ्याने मोठ्या नदीच्या किंवा तालुक्याच्या लेखात दोन ओळींची जागा घ्यावी. यात वाईट काय?

उलट नियम नसला की काय होते तेही पाहा. फिलिपाइन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावर एका संगणक प्रोग्रामने लाखो लेख तयार केले. टेकड्या, ओढे, बेटे, सगळे काही. संख्या फुगली, पण त्या पानांवर माणूस सापडत नाही. लांब कशाला जायचे? मराठी विकिपीडियावर आपल्याकडच्या खेड्यांची शेकडो पाने आहेत. अमुक हे अमुक तालुक्यातील एक गाव आहे, एवढे एक वाक्य, मग ठरावीक मथळे. 'लोकजीवन' हा मथळा असतो आणि खाली काहीच नसते. समाजशास्त्र शिकलेल्या आमच्यासारख्यांना ते कोरे 'लोकजीवन' बघून हसावे की रडावे कळत नाही. तसले आणखी एक पान ओढ्याच्या नावाने काढून आपल्या वस्तीचा कोणता सन्मान होणार आहे?

तर नियमाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते 'प्रकाशित साधन' या शब्दांशी, कारण साधने आभाळातून पडत नाहीत. आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्याचा इंग्रजी गॅझेटियर १८८४ साली निघाला. नद्या, घाट, बाजार, देवळे यांचा जाडजूड खंड. पाटोदा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून त्या मालिकेच्या बाहेर. सौताड्याच्या धबधब्यावरून पडणारी विंचरणा पुढे जामखेडकडे जाते. म्हणजे एकच नदी, पण हद्दीच्या अलीकडे एका राज्याची आणि पलीकडे दुसऱ्या राज्याची. आजही नुसते 'पाटोदा' म्हटले की बाहेरच्या लोकांना छत्रपती संभाजीनगरजवळचे आदर्श गाव आठवते, आमचा तालुका नव्हे!

बरे, जिथे नोंदी झाल्या तिथे कशाच्या झाल्या? देऊळ, तीर्थ, किल्ला, यात्रा. सौताडा म्हटले की रामेश्वर आणि धबधबा. आमची त्याला हरकत नाही, धबधबा आहेच देखणा. पण गावोगावच्या नदीवर वरच्या अंगाला कोणी पाणी भरायचे आणि खालच्या अंगाला कोणी, ही विभागणी पिढ्यान् पिढ्या चालली, तिची नोंद किती ठिकाणी सापडते? विभागणी गावात सगळ्यांना पाठ होती, तरी लिहिणाऱ्याला ती भूगोल वाटली नाही.

मांजरा आमच्याच तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि सातशेहून अधिक किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. तिच्यावर निजामसागर बांधला गेला. तिच्यावरचे धनेगावचे धरण आटले तेव्हा २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मांजरेला स्वतंत्र लेख हवा यावर वाद होऊच शकत नाही. पण तिला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याला वेगळा लेख हवा असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी मांजरेच्या लेखातच राहावे.

मग चवदार तळ्यात असे काय होते? आकार? महाराष्ट्रात त्याहून मोठी तळी किती तरी आहेत. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे त्या पाण्यापर्यंत चालत गेली, म्हणून ते तळे जगाला माहीत झाले. आणि पुढचा भाग आपण भाषणांत गाळतो. सत्याग्रहानंतर सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दिवाणी दावा लावला. तळे सार्वजनिक नाही, आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव ही अनादी काळापासूनची रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. नऊ वर्षांहून अधिक काळ खटला चालला. तळे कोणाच्या मालकीचे, नगरपालिकेचा त्यावर हक्क काय, रूढी नेमकी किती जुनी, याचा कीस काढला गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अनादी रूढी सिद्ध होत नाही. आपण पाणी प्यायलो पायांच्या जोरावर, पण कोर्टात टिकलो कागदांच्या जोरावर. एका लहानशा जलाशयाचा तपशील तेव्हा पुरावा ठरला.

हे मराठवाड्याच्या गायरानधारकांना वेगळे सांगायला नको. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायची ठरली. पण ताबा दाखवायचा कसा? गाव नमुना एक-ई मध्ये तलाठ्याने नोंद केली असेल तर. कोणता माळ, ओढ्याच्या कोणत्या अंगाला, किती वर्षांपासून, हे कसणाऱ्याला तोंडपाठ असते आणि कागदावर नसते. विकिपीडियाचे पान तहसीलमध्ये पुरावा म्हणून चालणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण पानासाठी जी साधने गोळा करावी लागतात, त्यातली बरीचशी तहसीलच्या कामाची असतात.

नावांचा प्रश्न आणखी अवघड आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर अशी नावे आली. आम्ही त्याचे स्वागत केले. पत्त्यावर जात लिहायची वेळ कोणावर येऊ नये. पण ओढा, डोह, माळ यांना चिकटलेली जातीची नावे कोशात लिहायची की पुसायची? आमचे मत काही मित्रांना आवडणार नाही. पाटीवरून नाव गेलेच पाहिजे, पण कोशात "पूर्वीचे नाव" म्हणून राहिले पाहिजे. ते नाव हाच तिथे काय चालत होते याचा शिल्लक पुरावा आहे. तोही गेला की उद्या कोणीही छाती पुढे काढून सांगेल, आमच्या गावात कधी जात नव्हतीच.

म्हणून त्या मुलाला आम्ही सांगितले की पान काढायची घाई नको. आजीने सांगितलेले थेट पानावर टाकले तर ते काढले जाईल, आणि नियमाने बरोबरच काढले जाईल. आधी गाव नकाशा आण. ग्रामपंचायतीचे ठराव, वर्तमानपत्रांची कात्रणे शोध. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती त्यांच्या परवानगीने घे, तारखेसह लिही, आणि त्या एखाद्या नियतकालिकात किंवा संशोधन पत्रिकेत तपासून छापून येतील असे बघ. आपल्यात एम. ए., पीएच. डी. झालेले थोडे आहेत का? त्यांच्या प्रबंधांतून एक तरी पाणवठा नावानिशी यायला नको?

पोराने काम सुरू केले आहे. नकाशा मिळाला, त्यावर ओढ्याची रेघ आहे, दोन्ही बाजूंचे गट नंबर आहेत, नाव नाही. त्याची आजी ओढ्याचे एक नाव सांगते आणि गावातले लोक दुसरेच सांगतात. आजीचे नाव तिच्या सासूने सांगितलेले आहे. दिवाळीनंतर आजीच्या वस्तीतली निम्मी माणसे ऊसतोडीला जातील, त्याआधी बाकीच्यांना विचारून घ्यायचे आहे. परवा त्याचा फोन आला, "दादा, दोन्ही नावं लिहायची ना? मग पहिलं कोणतं?"