पहिल्या गोळीआधी लघवीचा नमुना

पुरुषाला लघवीचा संसर्ग झाला की आत कुठेतरी अडथळा असू शकतो, हे आपण सगळेच शिकलो. तरी बारामतीजवळच्या कन्हेरीचा साठीतला शेतकरी "डॉक्टर, उन्हाळी लागलीय" म्हणत येतो, तेव्हा आपण पाणी वाढवायला सांगतो, पाच दिवसांच्या गोळ्या लिहितो आणि पुढचा पेशंट आत घेतो. धार बारीक झालीय का, रात्री कितीदा उठावे लागते, मेडिकलमधून आधीच काय घेतले, हे विचारायचे राहून जाते. विचारले तर अनेकदा खिशातून ओफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची पट्टी निघते. त्यातले ऑर्निडॅझोल लघवीच्या संसर्गातल्या नेहमीच्या जंतूचे, ई. कोलायचे, काहीच बिघडवत नाही.

जंतू दाद देईनासे होऊन सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ओफ्लॉक्सॅसिन ही क्विनोलोन औषधे हाताशी उरली नाहीत, तर त्याची झळ पुरुषांना जास्त बसते. नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरते, पण प्रोस्टेटमध्ये पुरेसे पोचत नाही. तिथे नीट पोचणाऱ्या तोंडी औषधांत क्विनोलोन आणि कोट्रायमोक्झॅझोल हीच मुख्य. आयसीएमआरच्या अहवालांत ई. कोलायचे बहुसंख्य नमुने क्विनोलोनला दाद देत नाहीत. अर्थात हे आकडे मोठ्या रुग्णालयांचे. बारामती-इंदापूरच्या ओपीडीतले चित्र त्यात नाही, कारण इथली लघवी कल्चरला जातच नाही.

कार्बापेनेमसारखी राखीव औषधेही निकामी करणारे एनडीएम-१ (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) हे जंतूंचे विकर पहिल्यांदा सापडले ते भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका पुरुषाच्या लघवीतल्या क्लेब्सिएलामध्ये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाने २००९ मध्ये तपासलेल्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये ते होते. पुढे त्याच्या नावातल्या 'न्यू दिल्ली'वरून वाद पेटला. खरे तर कल्चरची सवय तेव्हाच लागायला हवी होती.

म्हणून आग्रह एकच: पुरुष रुग्णाचा मधल्या धारेचा नमुना निर्जंतुक डबीत, पहिल्या गोळीच्या आधी. तो दोन तासांत लॅबला पोचावा, नाहीतर फ्रीजमध्ये चार अंशांवर चोवीस तासांपर्यंत चालतो. सकाळी घेतलेली डबी दुपारभर टेबलावर राहिली, तर रिपोर्टमध्ये दिसणारी वाढ रुग्णाची म्हणता येत नाही. बारामतीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कन्हेरीहून डबी वेळेत पोचवणे अवघड नाही.

ताप नसलेल्या पुरुषाला, जंतू औषधाला दाद देत असेल तर, सात दिवसांचे औषध पुरते. चौदा दिवस दिल्याने जास्त फायदा होत नाही, असे २०२१ च्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसले. ताप असेल, प्रोस्टेट दुखरी असेल, तर हिशेब वेगळा. आणि कॅथेटर लावलेल्या आजोबांना काहीच त्रास नसताना केवळ रिपोर्टमध्ये जंतू आले म्हणून इंजेक्शने सुरू करू नयेत. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेपूर्वीची गोष्ट निराळी.

दोन्ही तालुक्यांतल्या लॅबचालकांना विनंती: वर्षाअखेरीस पुरुष आणि स्त्रिया, ओपीडी आणि भरती रुग्ण असे वेगळे तक्ते करा. एका जंतूचे किमान तीस नमुने झाले की टक्केवारी काढता येते. रुग्णांची नावे वगळून तक्ते पाठवा. आम्ही ते इथे जसेच्या तसे छापू.