सापडलेलं आपलं, मग नोंद परक्याची कशी?

तर मंडळी, या वीकांताचा विषय आहे जिओकॅशिंग. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत: कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, बाकीचे जीपीएस घेऊन शोधत जातात. डबा सापडला की आतल्या वहीत सही करायची, डबा परत होता तसा ठेवायचा आणि घरी येऊन साइटवर 'फाउंड इट' म्हणून लॉग टाकायचा. नकाशावर तिथे एक पिवळा हसरा चेहरा उमटतो. बस्स, एवढंच. पण अमेरिकेत ऑन-साइट गेलेल्या आपल्या मंडळींत या हसऱ्या चेहऱ्यांपायी दर शनिवारी जंगलं तुडवणारा एखादा तरी भेटतोच.

आता मुद्द्यावर येतो. हे जे लॉग आपण लिहितो, कुठल्या तारखेला, कुठे, कुणाबरोबर, पाऊस होता की ऊन, डबा झाडाच्या ढोलीत होता की पुलाखाली, हे सगळं नेमकं कुणाचं? माझं उत्तर सरळ आहे. ज्याने लिहिलं त्याचं. आणि जे माझं आहे ते मला हवं तेव्हा, पूर्ण, फुकट उतरवून घेता आलंच पाहिजे. या तीनही शब्दांवर आज घोडं पेंड खातंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

थोडा इतिहास. १ मे २००० ला अमेरिकेच्या सरकारने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक, म्हणजे सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी, बंद करायचा निर्णय जाहीर केला. त्या रात्रीपासून नागरी जीपीएस एकदम कितीतरी अचूक झालं. लगेच ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉनमधल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली, आत इतर वस्तूंबरोबर बीन्सचा एक डबाही ठेवला, आणि ठिकाण एका यूजनेट न्यूजग्रुपवर टाकलं. बादली केव्हाच गेली, तिथे आता स्मारकाची पाटी आहे. पण तो मूळ संदेश? तो आजही वाचता येतो! का? कारण यूजनेटचे संदेश साध्या मजकुरात असायचे आणि एका नव्हे, जगभरच्या अनेक सर्व्हरवर त्यांच्या प्रती जायच्या. या खेळाचा जन्मदाखला टिकला तो कुणा एकाच्या तिजोरीत नव्हता म्हणून. गंमत बघा, त्याच खेळातले आपले दाखले मात्र आपण एकाच तिजोरीत ठेवतो आणि किल्लीही तिजोरीवाल्याकडेच देऊन टाकतो.

आता आजची व्यवस्था. या खेळाची सगळ्यात मोठी साइट जिओकॅशिंग डॉट कॉम, २ सप्टेंबर २००० ची, कंपनी सिअ‍ॅटलची. तिथे 'माय फाइंड्स' नावाची पॉकेट क्वेरी आहे. ती चालवली की तुम्ही शोधलेल्या सगळ्या कॅशेसची जीपीएक्स फाइल झिप होऊन मिळते. सोय उत्तमच आहे, वादच नाही. साध्या पॉकेट क्वेरीला १००० कॅशेसची मर्यादा असते, हिला नाही. बंद झालेल्या कॅशेसही येतात. तीन दिवसांतून एकदा चालवता येते, ते पुरेसं आहे.

पण.. पहिला पण. ही सोय फक्त प्रीमियम सभासदांना, म्हणजे पैसे भरणाऱ्यांना. दुसरा पण. यात फक्त सापडलेल्यांच्या नोंदी येतात. तासभर काट्यात हिंडून हात हलवत परत आलात आणि इमानेइतबारे 'डिड नॉट फाइंड' लिहिलंत, तर ते यात नाही. तिसरा पण. लॉगला जोडलेले फोटो यात नाहीत. म्हणजे दहा वर्षं खेळलेल्या माणसाच्या हाती काय येतं? यशाची यादी. सहलीची वही नाही.

पैशांचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथे लोक लगेच "फुकटे" म्हणून अंगावर येतात. नव्या हजार कॅशेस एका झटक्यात उतरवून घ्यायला पैसे मागा, माझी ना नाही. ती सेवा आहे. सर्व्हर, माणसं, वीज, सगळ्याला खर्च येतो. पण माझ्याच जुन्या नोंदी मला परत देणं ही सेवा नव्हे, हिशेब आहे. उद्या बँकेने सांगितलं की पासबुक भरून हवं असेल तर आधी गोल्ड अकाउंट उघडा, तर आपण काउंटरवर काय बोलू ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरा आक्षेप तांत्रिक मंडळींचा. "अरे, सर्व्हरवर लोड येतो." चला, आपण इंजिनियर आहोत, गणितच करू. समजा तुमचे १००० लॉग आहेत, प्रत्येक सरासरी ५०० अक्षरांचा. देवनागरीत लिहिलेत तर यूटीएफ-८ मध्ये एका अक्षरचिन्हाला ३ बाइट, म्हणजे सगळे मिळून साधारण दीड एमबी. झिप केल्यावर आणखी कमी. फोनवर काढलेला एक फोटो याहून मोठा असतो. हा लोड नाही, हा बहाणा आहे.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे, त्याला मान देऊन उत्तर देतो. जीपीएक्स फाइलमध्ये फक्त माझा लॉग नसतो. कॅश लपवणाऱ्याने लिहिलेलं वर्णन, इशारा, ठिकाण हेही असतं. ते माझं कुठे आहे? बरोबर, नाहीच. मग ते नका देऊ. कॅशचा कोड, नाव, तारीख, लॉगचा प्रकार आणि मी लिहिलेला मजकूर, एवढे पाच रकाने द्या. साध्या सीएसव्हीत द्या. उलट जीपीएक्समध्ये ही माहिती कंपनीच्या स्वतःच्या वाढीव टॅगमध्ये बसवलेली असते. ती वाचायला जीसॅक वगैरे सॉफ्टवेअर आहेत आणि उत्तम आहेत, पण माझीच वही वाचायला मला चष्मा कुणाचा लागेल हेही दुसऱ्याने का ठरवावं?

चौथा आक्षेप सगळ्यात लाडका. "एवढी मोठी साइट आहे, ती काय बंद पडणारे?" च्यायला, हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय? जिओसिटीज २००९ मध्ये गेली. ऑर्कुट, ज्यावर आपल्या पिढीने टेस्टिमोनियल लिहिण्यात कॉलेजची वर्षं घालवली, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आणि जिओकॅशिंगमध्येच बघायचं तर गार्मिनसारख्या बड्या कंपनीने २०१० मध्ये आपली ओपनकॅशिंग डॉट कॉम सुरू केली आणि २०१५ मध्ये गुंडाळलीसुद्धा. ऑर्कुटबाबत एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. गूगलने २०११ पासून टेकआउट नावाची सोय दिली होती आणि ऑर्कुट बंद झाल्यावरही सप्टेंबर २०१६ पर्यंत आपला मजकूर त्यातून उतरवून घेता येत होता. म्हणजे हे करता येतं. फुकट करता येतं. करायची इच्छा पाहिजे.

कायद्याचं म्हणाल तर युरोपातल्या माणसाला २५ मे २०१८ पासून जीडीपीआरने हा हक्क दिलाय. त्याने स्वतः पुरवलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात, एरवी महिन्याभरात, विनामूल्य मागता येते. आपल्याकडे? २०१८ च्या आणि २०१९ च्या मसुद्यांत माहिती आपल्याबरोबर नेण्याचा हक्क होता. २०२३ चा कायदा झाला तेव्हा तो गायब! उरला फक्त माहितीचा गोषवारा मागण्याचा अधिकार. गोषवारा म्हणजे काय, तर तुमच्या पासबुकाऐवजी "आपले खाते आमच्याकडे आहे" अशी चिठ्ठी. जिओकॅशिंग हा तर साधा खेळ. उद्या तुमचे धावण्याचे रेकॉर्ड, वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या, आजाराच्या नोंदी, सगळ्यांना हाच नियम लागणार आहे.

आणि आता थोडं आपल्याला, म्हणजे खेळणाऱ्यांनाही. कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे हो. पण प्रीमियमचे पैसे भरूनही ते बटण एकदाही न दाबणारे वीर काय कमी आहेत? सभासदत्व संपल्यावर "आता कसं उतरवू?" विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं. तेव्हा ज्यांच्याकडे प्रीमियम आहे त्यांनी आजच क्वेरी चालवा. फाइल तयार झाली की लगेच उतरवा, ती तिथे कायम राहत नाही. नावात तारीख घाला. उघडून आकडा प्रोफाइलशी ताडून बघा. एकाच कॅशवर दोनदा 'फाउंड' टाकलं असेल तर तो जुळणार नाही, घाबरू नका. प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. न सापडलेल्यांचे लॉग हाताने कॉपी करून एका टेक्स्ट फाइलमध्ये टाका. कंटाळवाणं आहे, पण एका रविवारचं काम आहे. आणि इथून पुढे लॉग आधी आपल्याकडे लिहा, मग साइटवर चिकटवा.

हे झालं आपलं काम. पण आपण काळजी घेतो म्हणून त्यांची जबाबदारी संपत नाही. तेव्हा दुसरं काम: सपोर्टला चार ओळींची मेल टाका. 'सर्व सभासदांना, सर्व प्रकारच्या लॉगसह, साधी फाइल द्या.' एकाची मेल कचऱ्यात जाते. पाचशे आल्या की ती फीचर रिक्वेस्ट होते, हे आपल्याइतकं कुणाला माहीत?

डबा शोधून परत जागेवर ठेवायचा, हा या खेळाचा पहिला नियम. खेळणारे तो पाळतात. नोंदी सांभाळणाऱ्यांनीही पाळावा: ज्याचं त्याला परत.

बघा पटतंय का. नाही पटलं तर भांडायला मी आहेच, पण आधी ती फाइल उतरवून या :-)