पाटणादेवीचा मठ

नवरात्र आले की खान्देशातील असंख्य कुटुंबांची पावले चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडे वळतात. भोवती डोंगर, गौताळा अभयारण्याची दाट झाडी आणि मध्ये उंच जोत्यावरील चंडिकेचे यादवकालीन मंदिर. देवीची ओटी भरावी, धवलतीर्थाचा धबधबा पाहावा, झाडाखाली डबा उघडावा आणि परतावे, हा बहुतेकांचा परिपाठ. त्यात वावगे काहीच नाही.

मात्र येथील एका शिलालेखाने पाटणचे नाव गणिताच्या इतिहासात नेले आहे, याची वार्ता फार थोड्या यात्रेकरूंना असते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (तापीकाठचे योगी चांगदेव ते हे नव्हेत) यादव नृपती सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापिला व निकुंभवंशीय सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमारास, त्यास दान दिले. लेखातील काही भाग तत्कालीन मराठीत आहे आणि तोच आम्हांस अधिक बोलका वाटतो. पाटणच्या बाजारातील मालावरचा राजाचा हिस्सा मठास. चालत्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठास. ग्रहगणिताच्या दिव्यात गावचा तेली तेल घालीत होता!

जपानात इसे येथे सूर्यदेवता अमातेरासूचे शिंतो देवस्थान आहे. इसुझू नदीवरील लाकडी पूल ओलांडून, हात-तोंड धुऊन यात्रेकरू तेथील अरण्यात शिरतो. हे मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. इ.स. ६९० पासूनची ही प्रथा युद्धकाळात शतकाहून अधिक काळ खंडित झाली होती. तरी २०१३ मध्ये ती ६२ व्यांदा पार पडली. देवळाचे लाकूड नवे, पण सुतारांची विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. पुढच्या बांधणीसाठी लागणारे वृक्षही देवस्थान आपल्या वनात वाढविते. पाटणला नेमके उलटे घडले. दगड राहिले, अध्ययन थांबले.

मठाची इमारत उभारा, असे आमचे म्हणणे नाही; अभयारण्यात सिमेंट नकोच. नवरात्रातील एक दिवस मंदिराच्या आवारात शाळकरी मुलांनी 'लीलावती'तील चार उदाहरणे सोडवावीत, एवढेच. जळगाव-धुळ्यात गणिताच्या शिक्षकांची वाण नाही. मुलांच्या प्रवासाचा व भोजनाचा भार दोन्ही शहरांतील व्यापाऱ्यांस जड होऊ नये. मुख्याध्यापकांनी देवस्थान व वनखात्याशी बोलून घटस्थापनेपूर्वी दिवस निश्चित करावा.